एका घरी एकच वही

माझे वडील गुणवंतराव यांना बासष्ट गावांत वहीवाले म्हणतात, दोन-चार गावांत भाट म्हणतात, आणि आई रागात असली की त्यांना नुसतं 'वही' म्हणते. "उर्वशी, पाह्य बरं, वही जेवली का?" सिंदेवाहीला बसस्टँडच्या मागं आमचं घर. मी त्यांची धाकटी मुलगी. तहसीलसमोर एका खोलीत टायपिंगचं काम करते, अर्ज, प्रतिज्ञापत्रं, बचतगटांचे ठराव असलं.

धान कापून, मळून घरोघरी आलं की बाबांचा हंगाम सुरू होई. अकरा वह्या लाल कापडात बांधायच्या, ते बोचकं एसटीत मांडीवर घ्यायचं आणि गावोगाव जायचं. कंडक्टर कितीही ओरडला तरी बोचकं खाली ठेवायचं नाही. ज्यांच्याकडे जायचं त्यांच्या ओसरीवर पूर्वेला तोंड करून बसायचं. घरातली लहानमोठी सगळी गोळा झाली की त्या घराण्याचं पान उघडून मोठ्यानं वाचायचं. मूळ पुरुष कोण, कुठल्या गावाहून आला, त्याला मुलगे किती, कोणत्या सुनेचं माहेर कुठलं, कोण दत्तक गेला, कोण कोणत्या साथीत मेला. वाचून संपेपर्यंत बाबा पाण्याचा घोटही घेत नसत. मग त्या वर्षी घरात जे जन्मले, जे गेले, ज्यांची लग्नं झाली, ते लिहून घ्यायचं. निघताना सुपात धान मिळे.

बाबा खोटं लिहीत नसत. एका मोठ्या घरातल्या माणसानं पहिली बायको टाकून दुसरी केली होती, आणि पहिलीची नोंद पानावरून काढा म्हणून तो बाबांना बैलजोडी द्यायला निघाला होता. बाबा म्हणाले, "भाऊ, तुमी तिले घरातून काढलं. वहीतून काढाचं काम माह्या हातून नाई होत." त्या घरानं सहा वर्षं बाबांना ओसरी चढू दिली नाही. सातव्या वर्षी त्यांनीच निरोप धाडला, कारण मुलाची सोयरीक जुळत होती आणि मुलीकडच्यांना ते घराणं गुणवंतरावांच्या तोंडून ऐकायचं होतं. ही गोष्ट मी लहानपणी शाळेत सगळ्यांना सांगायची. माझ्या बापाचा मला फार अभिमान होता. 'होता' हा शब्द मी चुकून लिहिलेला नाही.

आमच्या घराण्याचा एक नियम आहे: एका घरी एकच वही. आजोबांच्या आजोबांच्या काळी दोघा भावांनी वहीच्या दोन प्रती केल्या आणि आलटूनपालटून गावं फिरू लागले. वीस वर्षांत एकाच घराण्याचे दोन वह्यांत दोन वेगळे मूळ पुरुष झाले, आणि चुलतभाऊ एका बांधावर कुऱ्हाडी घेऊन उभे राहिले. तेव्हापासून ठरलं. जुनी वही जीर्ण झाली की नवीत उतरवायची, तीनदा ताडून बघायची, आणि कार्तिकी पौर्णिमेला मार्कंड्याला वैनगंगेत जुनी सोडून द्यायची. दुसरी प्रत ठेवायची नाही, कुणाकडे द्यायची नाही. जगभर लोक एकावर दोन नकला जपून ठेवतात, त्यांना हे वेड वाटेल. आम्हाला ते शहाणपण वाटत होतं, आणि आम्ही ते लॅपटॉपलाही लावलं.

झालं असं की पाच वर्षांपूर्वी चौथ्या वहीला वाळवी लागली. बाबांचे हात तोवर थरथरायला लागले होते, अकरा वह्या पुन्हा हातानं उतरवणं त्यांच्यानं होणार नव्हतं. माझा मोठा भाऊ राजदीप याचं बल्लारपूरला संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. वही पुढं त्यानं चालवायची हे तो पाळण्यात असल्यापासून ठरलेलं, पण त्याला वेळ नव्हता. त्यानं एक वापरलेला लॅपटॉप आणून दिला आणि म्हणाला, "उर्वशी टाईप करते ना दिवसभर, तिले सांगा." मुलींनी वहीला हात लावायचा नाही असा आमच्याकडे रिवाज. बाबांनी तो माझ्यासाठी मोडला. पहिल्या दिवशी त्यांनी वही माझ्यासमोर ठेवली, तेव्हा आईनं दारातून आत यायचं नाकारलं.

चार वर्षं मी तहसीलवरून आले की चहा घेऊन बसायची. बाबा वाचायचे, मी टाईप करायची. गावागणिक एक फाईल, घराण्यागणिक एक पान. अक्षर कुठं कुठं इतकं पुसट की बाबा डोळे मिटून, वास घेतल्यासारखं तोंड कागदाजवळ नेऊन आठवायचे. मला ते सगळं आवडू लागलं होतं. फक्त एक गोष्ट खुपायची. वहीत मुली नुसत्या मोजलेल्या. 'पुत्र तीन, नावे अमुक अमुक अमुक. कन्या दोन.' बस. सुनेचं माहेर होतं, सुनेचं नाव नव्हतं.

मी बाबांना म्हटलं, "हे आपण भरू. वहीत नाई तर नाई, संगणकात जागा आहे."

बाबांनी वही मिटली. मग म्हणाले, "मले कोणी सांगणार नाई. बायकाइले तू विचार."

तेव्हापासून ते ओसरीवर वाचायला बसले की मी आत चुलीजवळ जाऊन बसायची. म्हाताऱ्या बायका आधी हसायच्या, मग बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत. पाठच्या बहिणी, आत्या, साथीत गेलेल्या लेकी, पळून गेल्या म्हणून ज्यांचं नाव घरात काढायचं नाही त्या. ही नावं मी तिथंच लॅपटॉपवर भरून घ्यायची. कागदावर ती कुठंच नव्हती. मोजली तर अकराशे चाळीस झाली होती. वह्यांतला मजकूर बाबांना निम्मा तोंडपाठ होता, पण या अकराशे चाळीस बायका जगात फक्त त्या एका लॅपटॉपात होत्या.

त्यांतली एक सुगंधाबाईंची. सुगंधाबाई आमच्या सिंदेवाहीपासून सात-आठ कोसांवरच्या गावच्या, सत्तरीच्या पुढच्या, मुलगा लटारू शेती करतो. त्यांच्या पानावर होतं, 'पुत्र एक, लटारू.' मी विचारलं, "मावशी, मुली नाही झाल्या?" त्या तांदूळ पाखडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "झाली होती. पहिली. अकरा दिवस होती." बारसं बाराव्या दिवशी, त्यामुळं तिला नाव पडलंच नाही असं सगळं घर समजत होतं. पण सुगंधाबाईंनी मनात ठेवलं होतं. नवऱ्याला नाही, सासूला नाही, लटारूलाही नाही, पन्नास वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं.

"तू लिहशीन?" त्यांनी विचारलं.

"लिहिते ना, मावशी."

"पुसन तं नाई?"

मी हसून म्हटलं, "हे पुसत नसते." मग त्यांनी माझ्या कानाला तोंड लावून नाव सांगितलं, मी टाईप केलं, आणि त्या पडद्यावरच्या त्या अक्षरांकडे कितीतरी वेळ बघत बसल्या. त्यांना वाचता येत नव्हतं.

गेल्या वर्षी दसऱ्याला काम पुरं झालं. आम्ही तीनदा ताडून पाहिलं. कार्तिकीला जुन्या वह्या नदीत सोडायच्या असं बाबांनी समाजात कळवूनही टाकलं. त्याच सुमारास लॅपटॉप उघडला की पडद्यावर सूचना येऊ लागली, की ही विंडोज आता जुनी झाली, तिच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबरात बंद होणार, नवी बसवा. बाबांनी अर्थ विचारला. मी सांगितलं, बंद पडणार नाही, पण पुढं कुणी राखण करणार नाही.

"मंग नवीच बसव," बाबा म्हणाले. "कच्च्या बांधणीच्या भरवशावर मी जुनी वही नाई सोडत."

राजदीप दिवाळीला घरी आला होता. बोलायला गोड, येताना सगळ्यांसाठी काही ना काही आणणारा, शेजाऱ्यांचे मोबाइल फुकट दुरुस्त करून देणारा. त्यानं लॅपटॉप बल्लारपूरला न्यायचं ठरलं. मी त्याला म्हटलं, "दादा, आधी सगळं वेगळ्या डिस्कवर काढून घे. बाबांना सांगू नको, काम झालं की पुसून टाक. पण काढल्याशिवाय हात लावू नको." नियम मोडायची मला भीती वाटत होती, पण टायपिंगच्या धंद्यात मी लोकांच्या फाईली जाताना पाहिल्या होत्या. तो म्हणाला, "तू मले शिकवतं का व?" दोन दिवसांनी, रविवारी, मी फोन केला.

"काढून घेतली का?"

"घेतली."

"वेगळ्या डिस्कवर?"

"हो व माय, वेगळ्या डिस्कवर. किती पकवतं?"

कार्तिकीला आम्ही मार्कंड्याला गेलो. समाजाची चाळीसेक माणसं आली होती, सुगंधाबाईंचा लटारूही होता. राजदीप बल्लारपूरहून मोटारसायकलनं आला, हातात लॅपटॉप नव्हता. "इथी गर्दी आहे, पाण्याची जागा आहे, दुकानात कुलपात ठेवला," तो म्हणाला. ते सगळ्यांना पटलं, मलाही पटलं. बाबांनी धोतर खोचलं आणि पाण्यात उतरले. राजदीप त्यांच्या मागं परातीत अकरा वह्या घेऊन उभा राहिला. पहिली वही हातात घेतल्यावर बाबा थांबले. मागं वळून त्यांनी विचारलं, "राजदीप, तिकडचं सगळं ठीक आहे ना बापू?"

"ठीक आहे बाबा," तो म्हणाला. "सोडा."

बाबांनी एकेक वही कपाळाला लावून सोडली. कापड आधी फुगलं, मग बसलं. अकरावी सोडताना ते रडले, तेव्हा काठावरच्या काही म्हाताऱ्या माणसांनीही डोळे पुसले. राजदीपनं बाबांना हाताला धरून बाहेर काढलं, त्यांचे पाय पुसले. किती गुणाचा मुलगा, असं कुणीतरी म्हणालं.

चार दिवसांनी त्यानं लॅपटॉप आणून दिला. नवी विंडोज, नवं चित्र, सगळं चकचकीत. माझ्या फाईलींचा फोल्डर नव्हता. मी शोधलं, पुन्हा शोधलं, गावांची नावं टाकून शोधलं. राजदीप कपाळाला हात लावून म्हणाला, "कालच लॅपटॉपातली डिस्क खराब झाली, नवी टाकली. आठवडाभर चांगली चालू होती, म्हणून तू म्हटलं तशी वेगळी नक्कल पुसून टाकली होती. कोणाच्या हातात आहे का हे?" बाबा खाटेवर बसले ते उठलेच नाहीत. आई देवाजवळ जाऊन बसली. मी मात्र लॅपटॉप सोडला नाही, कारण माझं डोकं रडण्याआधी चिडतं.

डिस्क कालच खराब झाली असेल, तर ही नवी विंडोजही कालचीच असायला हवी. लॅपटॉपवर ही विंडोज कधी बसवली ती तारीख सेटिंगमध्ये लिहिलेली असते. मी काढून पाहिली. सव्वीस ऑक्टोबर. मी फोन केला होता तो रविवार. म्हणजे तीच डिस्क त्या दिवसापासून जशीच्या तशी होती, खराब झालीच नव्हती. मग फाईली गेल्या त्या त्याच दिवशी, नदीच्या दहा दिवस आधी. हे मनात उतरायला मला थोडा वेळ लागला. मी पुन्हा पुन्हा ती तारीख वाचत होते आणि डोळ्यांसमोर ती परात येत होती.

दुपारी राजदीप जेवत होता, तेव्हा मी लॅपटॉप त्याच्या ताटासमोर ठेवला.

"दादा, ही तारीख पाह्य."

त्यानं पाहिली आणि घास खाली ठेवला.

"तू मले वेगळी डिस्क म्हणाला होता."

"डी मध्ये घेतली होती," तो म्हणाला. "डी ले कधी काई होत नाई, उर्वशी. दहा वर्षं झाले दुकानाले, एकदा नाई झालं."

हे डी प्रकरण आमच्या भागातल्या प्रत्येक दुकानदाराचं ब्रह्मवाक्य आहे. लॅपटॉपात डिस्क एकच असते, पण तिच्यात दोन खोल्या पाडतात. सी खोलीत विंडोज राहते, डी खोलीत आपला माल. विंडोज बिघडली की सी धुवून काढायची, डीला धक्का लागत नाही. राजदीपनं माझा फोल्डर सी मधून उचलून डी मध्ये ठेवला आणि त्यालाच नक्कल घेतली म्हटलं. पण नवी विंडोज त्या जुन्या आखणीवर बसेना. खोल्याच मोडून नव्यानं आखायला हव्या होत्या. पडद्यावर विचारलं गेलं, सगळं जाईल, चालेल का? रोज दहा लॅपटॉप हातावेगळे करणाऱ्या माणसानं हो म्हटलं, एकदा सीला, एकदा डीला. त्याच संध्याकाळी त्याला कळलं. दुसऱ्या दिवशी तो नागपूरला एका दुकानात डिस्क घेऊन गेला. तिथं फाईलींची नावं तेवढी परत आली, पळसगाव, चिचगाव, सगळी बासष्ट गावं. उघडल्या की आत नुसते चौकोन.

इथपर्यंत मी त्याला माफ केलं असतं. खरंच केलं असतं. चूक माणसाच्याच हातून होते.

"मंग नदीवर काऊन बोलला नाई?" मी विचारलं. "बाबांनं तुले विचारलं. तोंडानं विचारलं."

"चाळीस माणसं होती," तो म्हणाला. "बाबा पाण्यात उतरले होते. मले वाटलं दुसऱ्या दुकानातून फाईली निघतीन. मंग काऊन सगळ्याइसमोर..."

"'बाबा, थांबा जरा.' एवढंच म्हणाचं होतं तुले."

वह्या तोवर कोरड्या होत्या. त्याच्याच हातात होत्या. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते मी त्या दिवशी माझ्या भावाच्या ताटासमोर बसून पाहिलं. त्यानं 'सोडा' म्हटलं होतं, आपली लाज चार दिवस आणखी झाकून राहावी म्हणून.

बाबांना मी सगळं सांगितलं. तारीख दाखवली, नागपूरचं सांगितलं, 'सोडा' या शब्दापर्यंत आणून सोडलं. त्यांनी तारीख दोनदा विचारली. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "लोकाइले हे सांगू नको."

"काऊन?"

"घरची गोष्ट घरात राहू दे. त्याले पुढं वही चालवाची आहे, बाई. ज्याच्या खोटेपणाचा बोभाटा झाला त्याले कोण ओसरीवर चढू देईन?"

मला वाटलं, हे दुःखात बोलत आहेत. दोन दिवसांनी बोलतील खरं. ज्या माणसानं बैलजोडी नाकारली तो माणूस माझा बाप आहे, असं मी स्वतःला सांगत राहिले.

पंधरा दिवसांनी समाजाची बैठक बसली, आमच्याच अंगणात. बाबा उभे राहिले आणि म्हणाले, "यंत्रात बिघाड झाला. वही गेली. मी दोषी आहे, मले माफ करा." लोक हळहळले. मग एक म्हातारा बोलला, आणि मला वाटतं सगळ्यांच्या मनात तेच होतं. "गुणवंतराव, तुमचा दोष एवढाच, का लेकीच्या हाती वही देल्ली. वाडवडलाइनं नाई म्हटलं होतं, ते काई उगाच नाई." माना हलल्या. कुणीतरी म्हणालं, बायकांची नावं घालत होती म्हणे त्यात. आणखी माना हलल्या.

मी दारात उभी होते. राजदीप सगळ्यांना चहा देत फिरत होता. मी बाबांकडे पाहिलं. एकच वाक्य हवं होतं, 'पोरीचा हात नाही लागला यात.' राजदीपचं नाव घ्यायचीही गरज नव्हती. बाबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला आणि खाली बसले. मी बोलणार होते. तोंडही उघडलं होतं. आईनं मागून माझा दंड इतका घट्ट धरला की तिची नखं उमटली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते विचारायला मला कुणाकडे जावं लागणार नाही.

राजदीपचा मला राग आहे. बाबांनी मात्र माझं काहीतरी मोडलं, ज्याला मला नाव देता येत नाही. परक्याची टाकलेली बायको त्यांनी वहीतून काढली नाही. मला अंगणातून काढलं.

मग वहीचं काम नव्यानं सुरू झालं. बाजारातून जाड कागदाच्या वह्या आल्या. बाबा आठवून सांगायचे, राजदीप लिहायचा. दुकानातून आठवड्याचे दोन दिवस त्यानं काढले, लोक म्हणाले बापाच्या संकटात मुलगा धावून आला. गावोगाव दोघं मोटारसायकलनं जाऊ लागले. बाबांची स्मरणशक्ती अफाट, घरोघरचे म्हातारे मदतीला, वर्षभरात बरंचसं उभं राहील असं दिसू लागलं. एक दिवस मी विचारलं, "आणि बायकांची नावं?"

राजदीप लिहिता लिहिता थांबला. बाबा म्हणाले, "आधी जे होतं ते उभं होऊ दे. ते नंतर पाहू." राजदीपनं खाली बघून लिहिलं, 'कन्या चार.'

तेव्हा मी ठरवलं, ती नावं मी परत गोळा करीन. बाबांचं घराणं त्यांनी सांभाळावं. शंभर पानी वही घेतली आणि एका रविवारी एसटीनं सुगंधाबाईंकडे गेले. सुरुवात तिथूनच करायची होती, कारण बाकीची नावं कुणाला ना कुणाला ठाऊक असतील, हे एक त्या आणि मी सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. रस्त्यात मी ते आठवायला लागले. पहिलं अक्षर आठवेना. सोनेरी ऊन, सूप, कानाशी लागलेलं त्यांचं तोंड, त्यांच्या श्वासाला आलेला तंबाखूचा वास, सगळं आठवत होतं. नाव आठवत नव्हतं. मी अकराशे चाळीस नावं टाईप केली होती. टाईप झालं की सोडून द्यायचं, पुढचं घ्यायचं, ही माझी रोजची सवय. लिहिलंय ना, मग लक्षात कशाला ठेवायचं?

सुगंधाबाई ओसरीवर एकट्याच बसल्या होत्या. लटारू शेतावर गेला होता. त्यांना बैठकीतलं काही कळलं नव्हतं, किंवा लटारूनं सांगितलं नव्हतं. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी पाणी दिलं, जवळ सरकून बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "बरं झालं आली. लटारू नाई घरी. मले एकदा वाचून दाखव."

"काय, मावशी?"

"माह्या पोरीचं नाव. मीनंच घेतलं आजवर, मनात. दुसऱ्याच्या तोंडून कधी आयकलंच नाई."

कुठलंही एक नाव घेता आलं असतं, असं क्षणभर वाटलं आणि त्याच क्षणी माझीच मला किळस आली. मी त्यांना सगळं सांगितलं. लॅपटॉप, नवी विंडोज, भाऊ, नदी. माझा दोष नाही हे मी किती वेळा सांगितलं ते आठवत नाही. त्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "ते यंत्रातलं जाऊ दे. तुले तं आठवते ना? तुह्या कानात सांगतलं होतं."

मी मान खाली घातली.

मग मी पिशवीतून वही काढली, पेन काढलं. "मावशी, पुन्हा एकदा सांगा. या वेळी कागदावर घेते. माझ्याजवळच ठेवते. मरेपर्यंत विसरत नाही."

सुगंधाबाईंनी वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यांच्या डोळ्यांत. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"नाई बाई," त्या म्हणाल्या. "आता ते माह्याजवळच राहू दे. तुमच्या घरात नाव टिकत नाई."

त्यांनी माझा रिकामा पेला उचलला आणि आत गेल्या.